रिठदची तिसरी खेप

आमच्या रविवारच्या खेळात, दूर अवकाशात, तीन ग्रह होते: मानोरा, इंझोरी आणि रिठद. हसा बापा, हसा. पण ज्या इंग्रजी पुस्तकावरून खेळ घेतला त्यातली नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची टाकली. मानोरा आमच्यासोबत खेळणाऱ्या बाईंसाठी, कारण त्या तिकडच्याच तांड्यावर वाढल्या आणि आता शाळेत शिकवतात. इंझोरी माझ्या दोस्ताच्या मामूचं गाव. आणि रिठद माझं. माझे आईबाप अजून तिथेच राहतात.

खेळ म्हणजे कागद, पेन्सिल, फासे आणि तोंडाची वाफ. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. बाई खेळ चालवायच्या. दोस्त मालवाहू जहाजाचा कप्तान होता, मी रिठद ग्रहावरच्या वस्तीचा मुखिया. दोस्ताच्या अब्बांची हळदीची अडत आहे; त्यांच्या गोदामावरच्या खोलीत आम्ही बसायचो. घरी गेल्यावरही कपड्यांना हळदीचा वास यायचा.

पुस्तकात मालाचा भाव फासा टाकून ठरायचा. त्यावर दोस्त भडकला. "असा भाव कुठं राह्यते का बे? आवक किती झाली ते पाह्य. मागचा माल किती पडून आहे ते पाह्य. दुष्काळाची नुसती बोंब झाली तरी भाव चढते!" माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, आणि प्रोग्राम लिहायला मी माझा मीच शिकलो. मग काय, तो सांगायचा, मी लिहायचो. कोणता ग्रह काय पिकवतो, किती खातो, जहाज उतरलं की भाव किती पडतो, अफवेनं किती चढतो, सगळं त्यात घातलं. तीन महिने लागले. आयुष्यात मी स्वतःहून बनवलेली ती एकच चीज, आणि ती आम्हा दोघांची होती.

तिघांच्या लॅपटॉपवर भाव सारखेच दिसावेत म्हणून ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून प्रोग्राम पुढचे सगळे भाव काढतो, तो मी तिन्हीकडे एकच ठेवला. म्हणजे कोणी महिना पुढे ढकलून प्रोग्राम चालवला, तर त्याला खेळातलं उद्याचं आजच दिसणार. बाईंनी टोकलं होतं. "भाऊ, तो आकडा तुमी तुमच्यापाशीच ठेवा." मी म्हटलं, "बाई, आपला दोस्त काय परका आहे का?" पुढचं कोणी पाहायचं नाही, एवढंच ठरलं. दुसरं असं की रविवार अपुरा पडायचा, म्हणून जहाज पोचतं की बिघडतं ते ठरवणारे प्रवासाचे फासे ज्यानं त्यानं घरीच टाकायचे आणि काय पडलं ते फोनवर कळवायचं. सगळं इमानावर.

मग रिठदवर दुष्काळ पडला. बाईंनी नियम सांगितला: धान्याच्या तीन खेपा चुकल्या तर वस्ती उठू शकते, उठते की टिकते ते कोठारातला साठा पाहून प्रोग्राम सांगेल. ती वस्ती मी दोन वर्षं वसवली होती. विहिरी, शाळा, कोणाच्या घरी कोण, सगळं वहीत लिहून. दोस्तानं शब्द दिला, "मी हाय ना. रिठदले उपाशी ठेवीन का?"

पहिल्या खेपेला त्याचं इंजिन बिघडलं. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेलाही बिघडलं आणि धान्यानं भरलेलं जहाज इंझोरीलाच उभं राहिलं. त्या रविवारी बाईंनी एकेक घर कसं उठलं ते वाचून दाखवलं. रिठदची माणसं इंझोरीला गेली, तिथे खाणारी तोंडं वाढली, भाव कडाडला आणि दोस्तानं तोच माल त्यांनाच विकला. मला भर दुपारी, दोघांसमोर रडू आलं. त्यानं खांद्यावर हात ठेवला. "नशीब, यार."

पंधरा दिवसांनी त्यानं लॅपटॉप माझ्या दुकानात आणून टाकला. "लय हळू चालून राह्यला बे, साफ करून दे." साफ करताना एक फाईल सापडली. प्रोग्राम प्रत्येक वेळी चालला की कधी चालला, काय विचारलं, काय उत्तर आलं, याची एक ओळ लिहून ठेवायचा. चुका शोधायला मीच ती सोय केली होती आणि त्याला सांगायचं विसरलो होतो. वरच्या आठ-दहा ओळी पाहूनच माझं डोकं सणकलं. दर शुक्रवारी त्यानं प्रोग्राम तीन महिने पुढे चालवला होता.

तसाच उठलो, गोदामावर गेलो. "फासे टाकले तरी होते काय रे?"

त्यानं अडतीची वही मिटली. मग म्हणाला, "नाही."

"काहून?"

"यार, कप्तान धंदेवाला हाय माहा. इंझोरीचा भाव चढताना दिसून राह्यला होता, थांबलो. पण वस्ती उठन हे मले माहीत नव्हतं, कसम से. वाटलं, निभावून नेतीन कसंबसं."

त्याच्या अम्मींनी चहा पाठवला. आधी मी कपाला हात लावला नाही. मग प्यायलो. बारा वर्षांची दोस्ती होती. येताना वाटलं, दार आपणच उघडं ठेवलं, आणि लालूच कोणाला सुटत नाही? जाऊ दे. फाईल पुसून टाकू, बाईंच्या नजरेला तरी पडायला नको.

दुकानात येऊन पुसायच्या आधी उरलेल्या ओळी वाचल्या. तिसऱ्या खेपेच्या शुक्रवारी दोन ओळी होत्या. पहिलीत त्यानं विचारलं होतं: तिसरी खेप पोचवली तर? उत्तर: वस्ती टिकली. त्याचा नफा थोडा कमी, तरी चांगलाच. दुसरीत विचारलं होतं: नाही पोचवली तर? उत्तर: वस्ती उठली. हे शब्द मीच प्रोग्राममध्ये लिहिले होते, त्याच्या शेजारी बसून.

मी फोन काढून त्या शुक्रवारचा त्याचा निरोप पाहिला. दुसऱ्या ओळीनंतर सात मिनिटांनी आलेला. "इंजिन गेलं भाऊ, तिसऱ्यांदा. फासाच खराब."

त्याखाली माझं उत्तर होतं. "जाऊ दे रे, तुहा काय दोष."