धोंडिबाने उसनी घेतलेली आई

धोंडिबा आज सकाळी गेला. मला रडू आलं नाही.

दोघातिघांनी विचारलं, त्याच्यावर लिहिणार का? सहा वर्षं एका व्यासपीठावर बसलो, म्हणून लिहितोय. गोड लिहायला जमणार नाही.

सोलापुरातला मार्शल लॉ उठला त्या वर्षी तो आमच्या वस्तीत आला. मोडनिंबकडचा महार, आईबाप युद्धानंतरच्या तापात गेले, असं सांगितलं. मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागला. आम्ही खोलीत जागा दिली.

कुणी पुरावा मागितला नाही. महार असल्याचं लपवणारे खूप पाहिले होते. नसताना महार म्हणवणारा कुणी पाहिला नव्हता.

माणूस कामाचा होता. अर्ज लिहायचा, मुलांना शिकवायचा. सभेत बोलायला लागला की लोकांची पापणी लवत नसे.

मिलसमोरच्या हॉटेलात आम्हाला बाहेर उभं करून वरून पाणी ओतत. आम्ही चालायला लागल्यापासून ओंजळीने पितो. वाकून, कोपरं वर. थेंब सांडत नाही.

धोंडिबाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या.

वस्तीतली आनसाबाई म्हणाली, "पानी पितुयास का आंगूळ करतुयास रं? तुज्या आयनं काय चांदीच्या पेल्यानं पाजलं व्हय?"

सगळे हसले. तोही हसला. मीही.

एकदा मी त्याला आईचं सांगितलं. वस्तीजवळच्या सरकारी विहिरीवर तिचा हात दोराला लागला, म्हणून एकाने लोखंडी पोहरा तिच्या मनगटावर घातला. हाड वाकडं बसलं. आजही ती डाव्या हाताने भाकरी थापते.

पुढच्याच सभेत धोंडिबाने ती गोष्ट सांगितली.

"माझी आई" म्हणून.

मी त्याच्या मागे खुर्चीवर होतो. समोर लोक रडत होते. नंतर विचारलं तर म्हणाला, "तुझी आई ती माझी नाही का?"

गप्प बसलो. मी, जो कुठेच गप्प बसत नाही.

मग त्या सरकारी विहिरीवर आम्हालाही पाणी भरू द्यावं, या अर्जाची सुनावणी लागली. अर्जावर सही धोंडिबाची, हकीकतही त्याच्याच आईची म्हणून लिहिलेली. विरोधकांनी मंद्रूपहून एक कापडदुकानदार आणला. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. तो धोंडिबाजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कानडीत म्हणाला, "शिवप्पा, अव्वा होदळु."

आई गेली.

धोंडिबाच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"यावाग?"

केव्हा?

सोलापुरात एवढं कानडी कुणाला कळत नाही? सगळ्या हॉलला समजलं. दुकानदार त्याचा सख्खा भाऊ होता. आणि आई खरंच आठवड्यापूर्वी वारली होती.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, मग विहिरीवर मार खाल्लेली आई कोणती? धोंडिबा जमिनीकडे बघत राहिला.

माझी आई उठली. हात पुढे केला.

"ह्यो हात बी खोटा हाय का, सायेब?"

साहेबांनी कारकुनाला लिहायला सांगितलं. हकीकत बनावट. अर्ज नामंजूर.

पेपरवाल्यांना महिनाभर विषय मिळाला. एकाने त्याला ढोंगी म्हटलं, दुसऱ्याने संत. विहिरीबद्दल कुणी ओळ लिहिली नाही.

आमच्यातलेच काही म्हणतात, घरदार सोडून आपल्यात राहिला, आपलं जेवला, त्यात गुन्हा काय?

ऐका. शिवप्पा म्हणूनच तो आमच्या शेजारी उभा राहता आणि त्या विहिरीत आमचा पोहरा सोडता, तर ते त्याच्या शंभर भाषणांपेक्षा मोठं ठरतं. त्याऐवजी त्याने आमचं दुखणं शालीसारखं पांघरलं. मंद्रूपची वाट त्याला कायम उघडी होती. आम्हाला कुठली वाट?

सुनावणीनंतर हे मी सहा महिने सभांमधून बोललो. आज भावाचा निरोप आला, त्याला पुरायला आमच्यात जागा नाही, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे ती वाटही बंद झाली होती. त्याने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

वस्तीतले माझ्याकडे आले. आपल्या मसणवट्यात पुरायचं का? मी नाही म्हणणार होतो.

आई आतून म्हणाली, "पुरा की. सा वर्सं माज्या हातची भाकर खाल्लीया त्यानं. पर माजी गोस्ट त्याच्यासंगं पुरू नगा."

दुपारी माती दिली. लोक म्हणाले, दोन शब्द बोला. मी घरी येऊन विहिरीचा अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी खाली आईचा अंगठा आहे.

जा बाबा. खांदा मी दिला. माफी आई देईल, दिली तर.