दुसरा शेला

तुळशीच्या लग्नानंतरचा शनिवार होता, चार वर्षांपूर्वीचा. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आम्ही तिघंच होतो: मी, पत्नी शैला आणि मुलगी मृणाल. आज कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासासकट मृणालचा लाल शेला हाती आला आणि तो शनिवार आठवला.

मृणालच्या लग्नाच्या पिवळ्या नऊवारीवर शोभेल असा शेला घ्यायला आम्ही पावसहून रत्नागिरीत आलो होतो. शैला वर्षभर आजारी होती. औषधांनी केस गेलेले, म्हणून डोक्याला रुमाल बांधलेला. दुकानदाराने लाल शेला मृणालच्या डोक्यावरून सोडला आणि जरीचा काठ कपाळावर आणला.

“आई, यात मी म्हातारी दिसते का?”

“माझ्या शेजारी उभी राहा गो, मग कळेल म्हातारी कोण ते.”

आम्ही तिघंही हसलो. मग शैलाने एक हिरवा शेला उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि आरशात बराच वेळ बघत राहिली. “हाही बांधा,” ती दुकानदाराला म्हणाली.

“नवरी एक, शेले दोन कशाला?” मी विचारलं.

“असू दे हो. लागेल.”

लग्नात स्वतः मिरवायला घेतेय असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

लग्नाआधीच ती गेली. सवाष्णीला शेवटी नवरीसारखं हिरव्यात सजवतात. बायकांनी साडी नेसवली आणि मृणालने तो हिरवा शेला आईच्या डोक्यावरून घातला. त्याची घडी तेव्हाच पहिल्यांदा मोडली.

त्या शनिवारी लाल शेल्याचे चोवीसशे रुपये मी दुकानदाराला दिले. हिरव्याचे अठराशे शैलाने मला देऊ दिले नाहीत. ते तिने स्वतःच्या पर्समधून दिले.