तात्या सिरीयस आहेत

फजिती सांगते, पण जरा बेतानं हसा, कारण तिच्यात माझे वडील आहेत. आणि ती झाली एका इंग्रजी शब्दावरून. बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईनं इंग्रजीतच आपटावं, यापरता शरमेचं काय असणार?

आई वारली, तेव्हा तात्यांना मी जामखेडकडच्या आमच्या गावाहून सावेडीला माझ्या फ्लॅटवर आणलं. मी एकटीच राहते. त्यांना टीव्हीसमोर चांगली खुर्ची दिली, वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या. मला वाटलं, मुलीनं करायचं ते झालं. तात्या चार महिने त्या खुर्चीत बसून राहिले. विचारलं तर 'हं' म्हणायचे, न विचारलं तर तेही नाही. सकाळी खाली जाऊन दूध आणायचे, तेवढंच काय ते बाहेर पडणं. आईसाठी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं मी पाहिलं नव्हतं.

एका शनिवारी संध्याकाळी भानुदासचा फोन आला. भानुदास माझा चुलतभाऊ, गावाकडे शेती करतो. मी पेपर तपासत होते. तात्या कसे आहेत, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, "हल्ली फार सिरीयस असतात रे."

मग त्यानं विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. मी लाल पेन चालवत म्हणाले, त्याचा उपयोग नाही, यावर डॉक्टरकडे औषध नाही. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "आमी येऊ का, अक्का?"

"या की. आपली माणसं डोळ्यांना दिसली म्हणजे त्यांना बरं वाटेल."

आता मला सांगा, यात मी खोटं काय बोलले? पण फोन ठेवला तो सायलेंटवर टाकून. त्यानंतर भानुदासनं सहा वेळा फोन केला आणि मी एकदाही उचलला नाही. गावानं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

रविवारी सकाळी सातला जिन्यात रडण्याचा आवाज आला. दार उघडते तो भानुदास, मागे थोरल्या काकू आणि टेम्पोभर माणसं. काकूंनी मला मिठी मारली. "कवा झालं गं?"

मला वाटलं, गावातच कोणीतरी दगावलंय आणि हे लोक मला सांगायला आलेत. कोण, हे विचारायचा धीर होईना, म्हणून मीही रडायला लागले. मी रडतेय म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी गुपचूप खुर्च्या आणून मांडायला लागल्या.

तेवढ्यात तात्या दूध घेऊन खाली पोचले. त्यांनी रडणं ऐकलं, ते आपल्याच दारातून येतंय हे ओळखलं. आणि घरात मागे कोण होतं? मी एकटी. पंचाहत्तरीचा माणूस तीन मजले पळत चढला. दुधाची पिशवी जिन्यात फुटली. "माझी बाई कुठंय?" एवढंच ते म्हणत होते.

मी पुढे झाले. त्यांनी माझा हात धरला आणि तिथंच पायरीवर बसून हुंदके देत रडले. चार महिन्यांचं सगळं. शेवटी काकूंनी डोळे पुसले नि म्हणाल्या, "ह्ये तर चालतंय-फिरतंय की."

भानुदास म्हणाला, तूच सिरीयस म्हणालीस. मग मी काय करावं? मी चक्क शिकवायला लागले. शब्द मुळात लॅटिन, अर्थ जड, वजनदार. पुढे तो न हसणाऱ्या माणसाला लागला, मन लावून अभ्यास करणाऱ्या पोराला लागला, लग्नाचं खरंच मनावर घेतलेल्यालाही लागला. भानुदासनं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यात त्याचा येकच अर्थ हाय, अक्का," तो म्हणाला. "सलाईन लावलेलं असतंय."

दिवसभर घर भरलेलं होतं. तात्या बोलत होते. कोणाची म्हैस व्याली, कोणाचा बांध कोणी कोरला, सगळं खोदून खोदून विचारत होते. चार वाजता टेम्पो निघाला, तर तात्या आपली पिशवी घेऊन दारात उभे.

इथं काय कमी आहे, मी विचारलं.

"कमी काय न्हाई," तात्या म्हणाले. "पर हितं माझ्यासंगं कुनी भांडत न्हाई."

टेम्पो वळेपर्यंत गॅलरीत उभी राहिले.

सोमवारी सकाळी कॉलेजला निघाले तर जिन्यात वहिनी भेटल्या. माझे डोळे सुजलेले. त्यांनी हळूच विचारलं, "आजोबा?"

"गेले," मी म्हणाले.

"कधी?"

"काल चार वाजता."

"फार त्रास झाला का हो त्यांना?"

"नाही. उलट समाधानानं गेले. सगळी माणसं जवळ होती."

वहिनींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या तासाला वर्गात असतानाच फोन थरथरायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर तात्यांचा झेंडावंदनातला फोटो, मीच त्यांना बळंबळं खाली नेलं होतं तेव्हाचा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेल्या हातांची रांग.

मी घाईघाईनं, शुद्ध मराठीत खुलासा लिहिला: 'कृपया गैरसमज नसावा. तात्या सुखरूप पोचले. फक्त आता ते आपल्यात नाहीत, इतकंच.'

त्यावर आणखी सात जणांनी हात जोडले.