क्लोजप सर

समोर माणूस आला की क्लोजप सर आधी त्याच्या तोंडापुढं कॅमेरा धरत आणि मग रामराम करत. रिसोड तालुक्यातल्या निम्म्या लग्नांची त्यांनी अशीच वाट लावली आहे. बुंदीचा घास तोंडात असलेले मामा, जांभई देणारे भटजी, नाक पुसणारी मावशी, सगळे पडदाभर. आमच्या कॉलेजात सिनेमाचा कोर्स निघाला तेव्हा शिकवायला याच गृहस्थांना आणलं, कारण मोठा कॅमेरा त्यांच्याकडं होता. अक्कल कुणी तपासलीच नाही.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात संपायचं. "चेहरा सोडाचा नाही. लोकायले चेहरा पाह्यजे." कुठल्याशा लग्नात म्हणे घरच्या थोरल्या जावयाचा चेहरा सुटला, तर त्या जावयानं सासरी पाऊल टाकणं सोडलं. प्रकाशाबद्दल विचारा, आवाजाबद्दल विचारा, सरांची गाडी त्या रुसलेल्या जावयापाशीच येऊन थांबे. दोन दृश्यं कशी जोडायची विचारलं तर म्हणत, "गुलाब टाक." त्यांच्या कॉम्प्युटरात एक उमलणारा गुलाब होता. एडिटिंग म्हणून त्यांना तेवढंच येत होतं.

मला पुण्याला सिनेमा शिकायला जायचं होतं. प्रवेशासाठी एका थरारपटाची सुरुवात, जेमतेम दोन मिनिटांची, करून पाठवायची होती. बाबांनी बजावलं होतं, निवड झाली तर जा, नाहीतर किन्हीराजा गावच्या स्थळाला होकार कळवतो. मोबाइलवर पाहून पाहून मला एवढं कळलं होतं की खुनी जितका उशिरा दिसेल तितका वेळ लोक जागचे हलत नाहीत. म्हणून मी ठरवलं, खुन्याची फक्त पाठ दाखवायची.

सोयाबीनच्या रिकाम्या गोदामात शूटिंग ठेवलं, तर खुनी होणारा पोरगा ऐनवेळी पोहरादेवीच्या यात्रेला निघून गेला. सर पुढं सरसावले. "मी होतो खुनी." घरी जाऊन पावडर लावून आले, केसही काळे करून आले. खुन्याच्या पाठीला पावडर कशाला लागते, देव जाणे.

त्यांनी फक्त दाराकडं चालत जायचं होतं. पण दाराशी पोचले की माणूस वळायचा, थेट कॅमेऱ्यात बघायचा आणि वरातीत हसतात तसा हसायचा. टेकवर टेक फुकट गेले.

"सर, वळू नका."

"अवं पोरी, मंग मी हाओ हे लोकायले समजन कसं?"

"समजायलाच नको, सर."

"मंग लोकायनं पाहाचं कायले?"

शेवटी मी सांगितलं, आता वळलात तर तुम्हाला काढून तिथं गुलाब टाकीन. तेव्हा कुठं ते तोंड पाडून सरळ चालत गेले. तोच शॉट पाठवला आणि माझी निवड झाली. सर मात्र बसस्टँडवर भेटेल त्याला सांगत सुटले, "माह्या अ‍ॅक्टिंगनं पुण्याले गेली थे." मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तो मी पुढं कितीतरी वर्षं मित्रांना नक्कल करून दाखवून वसूल केला.

गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "ताई, बाबाचे फोटो हायेत, पण चालताना-बोलताना थे कुठीच नाही. लग्नाच्या सगळ्या व्हिडिओत नुसता त्यायचा आवाज हाये. 'वहिनी, इकडं पाहा,' म्हणते थे."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. आधी ती निवडलेली दोन मिनिटं लावली. पाठ चालत गेली, दारातून बाहेर पडली. मग मी फुकट गेलेले टेक उघडले. सर दाराशी पोचले, वळले, हसले. सरांच्या बायको, आमच्या काकू, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पुन्ना लाव." मी लावला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सगळे सारखेच भिकार होते, आणि काकूंनी एकही सोडला नाही.

निघताना ते टेक मी पेनड्राइव्हवर घालून दिले. माझी ती दोन मिनिटंही देऊ का, असं विचारलं.

"त्याच्यात तोंड नाही ना?" मुलगी म्हणाली. "मंग राहू द्या, ताई."