दोन थेंब पाणी

हसू आवरणं मला कधीच जमलं नाही, आणि त्या दिवशी तर हसणं पापच होतं. सासू तुरुंगात जायच्या बेतात होती आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होते.

लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. तळोज्याला आमच्या घरी दोन म्हशी. आम्ही सासू-सुना डोक्यावर कळश्या घेऊन पनवेलच्या चहाच्या हॉटेलांत दूध घालायचो. भेसळीचा सरकारी कायदा आमच्या बाजूला नुकताच पोचला होता. एका सकाळी नाक्यावर भेसळ तपासणाऱ्या खात्याच्या निरीक्षकानं आम्हाला अडवलं. पोरगेलासा, चष्मेवाला, हातात बाटल्यांची पेटी. त्यानं पैसे देऊन दूध घेतलं, तिथल्या हॉटेलवाल्याला साक्षीदार केलं आणि विचारलं, "आजी, दुधात पाणी घातलंय का?"

"घातलाय ना!" सासू ठसक्यात म्हणाली. "रोज घालतय. बिनपान्याचा दूध घराभाईर कोन देतय?"

हॉटेलवाल्यानं कपाळावर हात मारला. खरी गोष्ट अशी, की दूध उंबऱ्याबाहेर जाताना त्यात बोटांनी दोन थेंब पाणी शिंपडायचं, म्हणजे म्हशीला दृष्ट लागत नाही, असा आमच्या गावाचा रिवाज. पाणी ते एवढंच. पण सासू बोलत असताना नव्या सुनेनं तोंड कसं घालायचं?

"आजी, हे लिहून घेतलं तर खटला होईल," तो चाचरत म्हणाला.

"लिवा! मी काय लबाड हाय?" म्हणत तिनं अंगठा उठवलासुद्धा.

मग दुधाचे तीन भाग, तीन बाटल्या, त्यात नासू नये म्हणून कसलंसं औषध, वर लाखेची मोहर. एक बाटली कायद्यानं आमच्या हवाली. सासूनं ती थेट देव्हाऱ्यात ठेवली. आठवडे गेले तरी दूध नासेना! गावातल्या बाया बघायला येऊ लागल्या, बाटलीला हळदकुंकू लावू लागल्या. "दोन थेंबांची करामत हाय," सासू सांगायची. मी मोरीत जाऊन हसून घ्यायचे. हसू ओसरलं की मात्र मनात यायचं, हिला खरंच नेलं तर? चार महिन्यांत ही बाई मला एकदाही वाकडं बोलली नव्हती.

शेवटी निरीक्षक स्वतःच घरी आला, तपासणीचा कागद घेऊन.

"आजी, सुटलात! दूध अस्सल आहे. पाणी सापडलंच नाही."

मला नाचावंसं वाटलं. सासू लालबुंद.

"गावला नाय? म्हंजे मी खोटा बोलले? माज्या अंगठ्याला काय किंमत हाय का नाय?" देव्हाऱ्यातली बाटली आणून तिनं त्याच्यापुढे ठेवली. "ही तपासा!"

आता मला राहवेना. हसत, उचक्या देत मी त्याला दोन थेंबांची सगळी हकिकत सांगितली. चष्मा काढून तो इतका हसला की डोळे पुसायला सासूनंच त्याला पंचा दिला. पण कागद दुरुस्त केल्याशिवाय ती त्याला उठू देईना. अखेर त्यानं कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलं : 'पाणी, दोन थेंब, दृष्ट लागू नये म्हणून.'

सासूनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आता खरा झाला कागूद," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी दूध तापवायला ठेवलं.