एक वळण मागे

वसाहतीच्या वार्षिक सायकलफेरीत बक्षीसही नाही आणि घड्याळही नाही. घंटी सोडून सारं काही वाजणाऱ्या सायकली येतात आणि वाटेत गप्पा इतक्या रंगतात की पायडल मारायचं राहून जातं. नियम एकच, सर्वांत शेवटी टेलरकाका. मागे पडलेल्याला एकटं सोडायचं नाही, पण त्याला दिसायचंही नाही. एक वळण मागे राहायचं. तो बिचारा आधीच ओशाळलेला असतो, त्यात आपण पाठीला डोळे लावून कशाला बसायचं, असं काकांचं म्हणणं. प्रत्येक स्वाराच्या पाठीवरचा पिवळा पट्टा त्यांनीच शिवलेला. लांबून तो दिसला की झालं.

यंदा काकांची सूनही निघाली. लांबलेल्या आजारपणातून नुकतीच उठलेली, त्यामुळे मुलगा नको म्हणत होता. काकांनी छातीठोकपणे सांगितलं, मी मागे आहे, तू काळजी सोड.

कालव्याच्या रस्त्यावर सून मागे पडत पडत शेवटची झाली. काका मनातून सुखावले. फाटा ओलांडल्यावर पिवळं पुढे आणि काका मागे, असं बराच वेळ चाललं. चढावरही पिवळं अडखळलं नाही, तेव्हा पोरीच्या दमाचं कौतुक करून झालं. मग ते एका गोदामाच्या फाटकाशी थांबलं. जवळ जाऊन पाहतात तो काय, पिवळा सदरा घातलेला मिशाळ पाववाला.

"पाव हवे होते तर हाक मारायची ना काका," तो म्हणाला. "मघापासून नुसतेच मागे मागे येताय."

काकांना आता उमगलं. फाट्यावर आपण भलत्याच्याच मागे लागलो होतो. म्हणजे पोर कालव्याच्या कडेला एकटी. तिला भोवळ आली असली तर? मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं? वय विसरून त्यांनी सायकल उलटी हाणली आणि फाट्यावरून दुसरा रस्ता धरला.

पुढच्याच वळणावर सून दिसली. सायकल उलटी करून ठेवलेली, हात कोपरापर्यंत काळे, उतरलेली चेन नुकतीच बसलेली. काका तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसले. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी पाववाल्यापर्यंतचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी एकटीच होते?"

"हो गं."

"बरं झालं मला माहीत नव्हतं, बाबा. तुम्ही मागे आहात म्हणून निवांत चेन बसवत होते. नाहीतर रडतच बसले असते."

मग ती इतकी हसली की काकांनाही हसू आवरेना. निघताना ते सवयीने मागे थांबले, तर तिने बजावलं की शेजारी चला, आता तुमचा भरवसा नाही.

दोघं पोचले तेव्हा सगळी मंडळी थांबलेली होती. तिचे काळे हात पाहून मुलाने बापाकडे डोळे वटारले.

"ओरडू नकोस त्यांना," सून म्हणाली. "ते सापडले, हेच पुष्कळ झालं."