म्हशीवाला धडा

लेकीची पोरगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. राहते माझ्याकडेच, कसबा बावड्यात. तिच्या कॉलेजचे धडे मोबाईलवर असतात. हाडं, नसा, काळीज, सगळं बोटानं फिरवून बघायचं. छातीतले आवाजपण असतात, खऱ्या पेशंटांचे, नावगाव न सांगता. परवा तिनं माझ्या कानात इअरफोन घातले आणि म्हणाली, आबा, ऐका जरा.

धडधड ऐकू आली. मधेमधे फुंकर मारल्यासारखा आवाज. काळजातली झडप नीट मिटत नसली की असं होतं, म्हणाली. मग लांबून एक माणूस खेकसला, "आटप की गं! म्हशी थांबत्यात व्हय?" धडधड एकदम पळायला लागली. मग कापड सळसळलं, आणि एक बाई बोलली, "चला तुमी म्होरं, मी आलेच." तिचा आवाज लांबून नाही आला. आतून आला, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

खेकसणारा मी. बोलणारी माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं.

आम्ही कट्ट्यावर दूध विकणारी माणसं. संध्याकाळी म्हशी शहरात न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास हातात द्यायचा. म्हशी तिच्या हाताला सवकलेल्या. मी बसलो की पान्हा चोरायच्या. तिला दम लागायला लागला म्हणून दवाखान्यात नेलं, पण माझं सगळं ध्यान घड्याळाकडं. डॉक्टर मॅडमनी, आता नातीच्या कॉलेजात शिकवतात त्याच, छातीला यंत्र लावलं. पोरांना शिकवायला हा आवाज साठवून ठेवू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, घ्या की, पोरांच्या कामाला येतोय तर. मॅडम म्हणाल्या, अजून एक तपासणी आज झालीच पाहिजे, थोडं थांबा. मी थांबू दिलं नाही. म्हशीनं एक वेळ वैरण टाकली तर जनावरांच्या डॉक्टरला गावभर हुडकणारा माणूस मी. बायकोला मात्र म्हणालो, पुढच्या आठवड्यात येऊ. त्या दिवशी तिनं कट्ट्यावर धाप टाकत धारा काढल्या. पुढचा आठवडा काही मी आणला नाही. पावसाळा सरता सरता ती गेली.

नातीच्या वर्गात याला म्हशीवाला धडा म्हणतात. पोरं पोट धरून हसतात. तीपण आधी हसली, मग आवाज ओळखला. कुणाला काही बोलली नाही.

धड्याच्या शेवटी प्रश्न आहे, मधेच ठोके का वाढले? नातीनं लिहिलं, भीतीनं. ते चूक दिलं. बरोबर उत्तर काय, तर पेशंट उठून बसला.

"आबा, तुमी हुता न्हवं तितं? आजी उठली हुती का?"

म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून मी उठलो.

नातच मागनं म्हणाली, मॅडम आता त्या माणसाचा आवाज पुसणार आहेत, पोरांचं ध्यान जातं म्हणून. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पुसू देत, सुटलो. पण दोन दिवस घास गोड लागेना. माझा आवाज गेला की ती आपणहून उठून बसली हेच खरं ठरणार. आणि पोरीचं उत्तर खरं असून चुकीचं राहणार.

कॉलेजात गेलो. मॅडमनी ओळखलं नाही, सांगावं लागलं. मग खुर्ची दिली, आणि म्हणाल्या, तुमचा आवाज आम्ही काढतोय आजोबा, काळजी करू नका.

"काढू नका," मी म्हणालो. "ती उठली न्हवती. पडूनच हुती. मी खेकसलो आन् ती भ्याली, म्हणून ठोकं वाढलं. उठली ती मागनं. उत्तर चुकलंय तुमचं."

मॅडमनी स्वतः ऐकलं. परत ऐकलं. आधी ठोके, मग कापडाची सळसळ.

"मुलं हसतात हो त्याला," शेवटी म्हणाल्या.

"हसू देत. पर उद्या त्येंच्या दवाखान्यात असा कोण खेकसत आला, तर त्याला भाईर काढा म्हणावं. बाईला जाऊ दिऊ नका."

उत्तर बदललं. नातीचा मार्क तिला मिळाला. तिनं तो धडा माझ्या मोबाईलवर घालून दिलाय. धारा झाल्या की गोठ्याच्या पायरीवर बसून मी लावतो. धडधड ऐकतो, फुंकर ऐकतो. तिचं बोलणं ऐकायचं तर आधी माझं ऐकावं लागतं. बऱ्याचदा तिथवर आलं की इअरफोन काढून ठेवतो.